तीन पिस्टनचं विकलं, चार पिस्टनचं घेतलं

वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत चार पिस्टनचं युफोनियम (बँडातलं फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) घरात आणायचं. ते गणपतीच्या आधीच आलं. जून ते ऑगस्ट या काळात दोन वाद्यं बघितली, एक घेतलं आणि माझं विकलं. जुनं वाद्य शोधणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं मेरठचं तीन पिस्टनचं मी सात वर्षं वाजवलं आणि त्याच्यावर माझा जीव होता. पण पिस्टन दाबला की हवा जादा नळीतून फिरून सूर उतरतो, आणि तीन पिस्टन मिळून सहाच सेमीटोन (पेटीवरच्या सहा पट्ट्या) उतरतात. म्हणजे मधल्या बी-फ्लॅटवरून ई पर्यंत पोचलात की पुढे वाट नाही. त्याखाली थेट पेडल, म्हणजे तळातला, बी-फ्लॅट, आणि मधले पाच सूर वाद्यात नाहीतच. शिवाय पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की सूर चढतो, तो ओठांनी ओढून खाली आणावा लागतो. चौथा पिस्टन एकटाच तेवढं काम करतो आणि सुरात करतो. त्या जोडीने लागणारे सी आणि एफ नीट लागायला लागले की वाजवण्यातली भीतीच जाते, हे मला एकदा एका मित्राचं वाद्य हातात आल्यावर कळलं. तेव्हापासून डोक्यात तेच.

कोल्हापुरात जुनं युफोनियम दुकानापेक्षा माळ्यावर सापडण्याची शक्यता जास्त. वरातीत डॉल्बी आला तसे बँड मोडले आणि वाद्यं गोणपाटात गुंडाळून वर गेली. मिरज आपल्या शेजारी, पण तिथला हात सतार-तंबोऱ्याचा. पितळी वाद्यांचं गाव मेरठच. त्यामुळे मी ओळखीच्या प्रत्येक बँडवाल्याला सांगून ठेवलं होतं.

पहिलं वाद्य बघितलं ते गंगावेशीत. लंडनमध्ये बनलेलं, जुनं, कर्ण्यावरची नक्षी अजून शाबूत. चिंच लावून असं घासलं होतं की डोळे दिपावेत. वाजवलं तर आवाज इतका गोल की मी तिथेच घ्यायला निघालो होतो. सुदैवाने सूर मोजायचा ट्यूनर बरोबर होता. काटा जवळपास अर्धा सेमीटोन वर! इंग्लंडच्या ब्रास बँडांत १९६०च्या दशकापर्यंत ए हा सूर आताच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२च्या आसपास लावायची पद्धत होती, आणि हे वाद्य त्याच मापाचं. मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) सुटायला येईपर्यंत ओढली तेव्हा कुठे बी-फ्लॅट जमला. पण मग बाकीच्या स्लाइडही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात आणि बोटांखालचा एकेक सूर नव्याने शोधावा लागतो. एकट्याने वाजवायचं असेल तर ते वाद्य सोनं आहे. मला हार्मोनियम आणि क्लॅरिनेटबरोबर बसायचं असतं, म्हणून हात जोडून परत आलो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

जुलैत गडहिंग्लजहून निरोप आला. लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक मामा, घरात यामाहाचं ३२१, चार पिस्टनचं. पावसात एसटीने गेलो. मामांनी पेटी उघडली तर आतल्या मखमलीला बुरशीचा वास, पण वाद्य पोचे सोडले तर सरळ. "नातवानं उन्हाळ्यात धुतलं. तवापासनं हवाच जाईना बघा. म्हणून चाळीस सांगतोय."

मी फुंकलं. खरंच, भिंतीवर फुंकल्यासारखं. पण चारही पिस्टन वर-खाली मऊ चालत होते, आणि जे वाद्य पूर्ण बंद आहे पण पिस्टन सुटे आहेत त्यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच. टोपणं उघडून एकेक पिस्टन बाहेर काढला. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला असतो. दुसऱ्या घरात ३ आणि तिसऱ्या घरात २. पिस्टनांची भोकं प्रत्येकाची वेगळी असतात, घर चुकलं की हवेपुढे भिंत येते. दोन्ही अदलाबदल करून बसवले, खाचेत टक् करून बसेपर्यंत फिरवले आणि वाद्य मामांच्या हातात दिलं.

मामांचे पुढचे दात गेलेत. तरी त्यांनी ओठ लावले आणि एफ धरला. हललेला, हवा मिसळलेला, पण खोलीभर. स्वयंपाकघरातून मामी बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "मामा, आता हे बिघडलेलं नाही. किंमत परत सांगा." मनात धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. माझ्याकडे साठ होते. मामा बराच वेळ कर्णा पुसत बसले. मग म्हणाले, "पंचावन्न द्या. आणि पेटीत घालून ठिवू नका."

पैसे देण्याआधी तपासण्या केल्याच, मामांनीच करायला लावल्या. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड दोन बोटं बाहेर ओढायची, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि मग पिस्टन दाबायचा. टप्प असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. नुसतं फुस्स झालं तर हवा गळते, आणि झिजलेला पिस्टन परत बसवून घेणं इथे कुणाच्या हाती नाही. पहिल्या तिन्हींनी टप्प केलं. चौथ्याची स्लाइड जागची हललीच नाही, ती गोष्ट खाली येते. मग माऊथपीस लावतो त्या नळीत टॉर्च मारून गुलाबी डाग शोधले. पितळातलं जस्त निघून गेलं की तिथे तांब्याचा गुलाबी ठिपका उरतो, मधे काळसर, आणि तिथून नळी आतून पोखरत येते. पोचा ठोकून निघतो, हा डाग निघत नाही. तसा एकही नव्हता. आणखी एक, ३२१ला बारीक शँकचा (नळीत शिरणाऱ्या दांड्याचा) माऊथपीस लागतो. मोठ्या शँकचा आतच जात नाही, तेव्हा वाद्याबरोबर माऊथपीस मिळत नसेल तर आधी हे विचारा.

हे कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे खालचे सूर आपोआप सुधारून देणारं, नाही. ती युक्ती ब्लेकली नावाच्या माणसाने १८७४ मध्ये लंडनच्या बूझी कंपनीत काढली. चौथा दाबला की हवा पिस्टनांतून दुसऱ्यांदा फिरते आणि कमी पडलेली लांबी भरून निघते. ती नसल्यामुळे माझ्याकडे तळातला बी अजूनही नाही. त्या पाच सुरांतले बाकीचे चार मिळाले, मी समाधानी आहे.

तिसऱ्या पिस्टनचं बोटाखालचं बटण हरवलेलं होतं. दुसरं बटण नमुन्याला घेऊन उद्यमनगरात गेलो. टर्नरने आटे मोजायच्या पट्टीचं एकेक पातं लावून बघितलं, पितळेच्या कांबीतून तुकडा काढला आणि वरचा खड्डा अंगठ्याने चाचपून परत एकदा फिरवला. दीडशे रुपये. आता चारांपैकी नवं कुठलं ते मलाही बघून सांगता येत नाही.

मेरठचं विकताना दोघे आले. एका हॉटेलवाल्याला ते भिंतीवर टांगायचं होतं, बारा हजार देत होता. मन झालं नाही. दुसरा इचलकरंजीचा पोरगा, चुलता बँडात वाजवतो, त्यालाच घेऊन आला. मी आधीच सांगितलं: पहिला पिस्टन गळतो, खालच्या वळणाला डाख दिलाय, आणि तेल पातळंच घालायचं, खोबरेल किंवा मशीनचं घातलं तर थंडीत पिस्टन चिकटतील. चुलत्याने टप्प करून बघितलं, मान हलवली. "दादा खरं बोलला." नऊ हजारांत दिलं. पोरगं ते मांडीवर धरूनच रिक्षात बसलं.

राहिली ती चौथी स्लाइड. पक्कड लावणार नाही, नळी पिळवटते. रोज रात्री सांध्यावर गंज सोडवायच्या तेलाचे दोन थेंब, सकाळी गरम पाण्याचं फडकं, मग लाकडी हातोडीने वळणावर हलके ठोके. जिथे नळी आत शिरते तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. एकोणीस दिवस रेघ जागेवर होती. आज सकाळी रेघ आणि कडा यांच्यामध्ये नखाएवढं पितळ दिसतंय, स्वच्छ पिवळं.