क्रोबार म्हणजे पहार की कटावणी?

एका सेफ्टी मॅन्युअलचं भाषांतर करत होते, त्यात एक साधं वाक्य होतं, लाकडी खोक्याचं झाकण क्रोबारने उघडावे आणि हातमोजे घालावेत. डिक्शनरीत क्रोबार म्हणजे पहार असं दिलंय, मी पहार लिहिलं आणि पुढे गेले. नंतर ते मराठी ज्यांनी वाचलं त्यांची सगळी नोकरी गोडाऊनमध्ये खोकी उघडण्यात गेली होती, त्यांचा फोन आला, "ताई, पहारीने झाकण उघडलं तर खोक्यासकट आतला माल पण जाईल हो. तिथे कटावणी लागते."

ते अगदी बरोबर होतं. आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते.

पहार म्हणजे चार-पाच फुटांची जाड, सरळ, जड लोखंडी सळई, एक टोक टोकदार किंवा चपटं, जी दोन्ही हातांनी उचलून जमिनीत मारायची, खड्डा करायचा, मुरूम सैल करायचा, मोठा दगड हलवायचा. तिचं निम्मं काम तिच्या वजनानेच होतं. कटावणी त्यापेक्षा आखूड, टोक चपटं आणि बहुतेक वेळा वाकवलेलं, ती फटीत घालून दाबायची. इंग्रजीत या दोन्हींना क्रोबार म्हणतात! कोण बोलतंय आणि कुठे बोलतंय त्यावर अर्थ बदलतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नुसतं क्रोबार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर ती हुकासारखी वळलेली, टोकाला खिळे उपटायची खाच असलेली सळई येते, आणि आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र क्रोबार म्हणजे सरळ पहारच धरतात. डिक्शनरी त्यातला एकच अर्थ देऊन मोकळी होते.

आता त्यातला कावळा कुठून आला ते बघू. पूर्वी इंग्रजीत या अवजाराला नुसतं क्रो म्हणायचे, साधारण 1400 च्या आसपासपासून, म्हणजे सरळ कावळाच. बार हे शेपूट 18 व्या शतकात लागलं. टोक कावळ्याच्या चोचीसारखं किंवा पायासारखं दिसतं म्हणून हे नाव, चोच की पाय यावर दोन्ही मतं आहेत, मला स्वतःला पाय जास्त पटतो आणि का ते पुढे सांगते. शेक्सपिअरच्या कॉमेडी ऑफ एरर्स मध्ये एक जण दार फोडायला क्रो उसना आणायला सांगतो, तर नोकर विचारतो की बिनपिसांचा कावळा का मालक. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाला दोन्ही अर्थ चटकन कळत होते, नाहीतर ही कोटी चालली नसती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे कारण ती फॉरवर्ड होऊन फिरत असते. क्रोबार हे नाव अमेरिकेतल्या जिम क्रो या वर्णद्वेषी नावावरून आलं असं त्यात म्हटलेलं असतं. तसं नाही. जिम क्रो हे रंगमंचावरचं पात्र 1830 च्या सुमाराचं, आणि अवजाराला क्रो म्हणायला त्याच्या आधी चारशे वर्षांपासून सुरुवात झालेली. जिम क्रो नावाने काळ्या लोकांना वेगळं ठेवणारे जे कायदे पुढे झाले त्यांचं दुःख खरं आहे, मोठं आहे, पण त्यासाठी खोटी व्युत्पत्ती जोडायची गरज नाही, उलट अशाने खऱ्या गोष्टीवरचा विश्वास पण कमी होतो असं मला मनापासून वाटतं.

पाय का पटतो, तर बाकीच्या भाषा बघा ना. जर्मनमध्ये याचं एक नाव गाईचा पाय, डचमध्ये पण गाईचा पाय, स्वीडिशमध्ये तेच. फ्रेंचमध्ये हरिणीचा पाय, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये बकरीचा पाय, आणि इटालियनमध्ये डुकराचा पाय. टोकाची ती मधे चिरलेली खाच बघून प्रत्येकाला खूर आठवला, प्रत्येकाने आपापलं जनावर घेतलं, इंग्रजांनी तेवढा पक्षी घेतला. हे पहिल्यांदा एका खाली एक लिहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती यादी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवली.

चोरांचं क्रोबार वेगळं, आखूड, कोटात लपेल असं, त्याला इंग्लंडमध्ये जेमी म्हणतात आणि अमेरिकेत जिमी. हे जेम्स या नावाचं लाडकं रूप. त्याचं पुढे क्रियापद पण झालं, खिडकी जिमी केली म्हणजे उचकटून उघडली. आणि उचकटणे हा मराठीतला किती नेमका शब्द आहे! चोरीच्या बातमीत कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला असं असतंच असतं, तिथे तोडून लिहिलं तर ते वेगळं होतं, फोडून लिहिलं तर आणखी वेगळं. उचकटण्यात आधी फट सापडते, मग तिच्यात काहीतरी घुसतं, मग जोर लागतो आणि जोडलेली वस्तू कचकन सुटते. एवढं सगळं एका शब्दात.

इंग्रजीत उचकटण्याला प्राय म्हणतात आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही व्हायचा, कारण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणे यालाही प्रायच म्हणतात. वाटतं की एकावरून दुसरा अर्थ निघाला असणार, माणसाचं मन उचकटून बघणे वगैरे. पण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. नाक खुपसण्याचा प्राय मध्ययुगीन इंग्रजीपासून आहे आणि त्याचा मूळ अर्थ बारकाईने बघणे, डोकावणे. उचकटण्याचा प्राय 19 व्या शतकातला, तो प्राइज या शब्दावरून आला, बक्षीसवाला प्राइज नाही, हा जुन्या फ्रेंचमधला पकड या अर्थाचा. प्राइज ऐकून लोकांना शेवटचा ज हा व्याकरणाचा प्रत्यय वाटला, तो त्यांनी काढून टाकला आणि उरला प्राय. ब्रिटनमध्ये अजून प्राइज ओपन म्हणतात, अमेरिकेत प्राय ओपन, म्हणून वाचताना दोन्ही भेटतात आणि दोन्ही बरोबर.

मराठीत मात्र ही सरमिसळ खरंच अवजारातून आलेली आहे. आपण खोदून खोदून विचारतो, जुनी भांडणं उकरून काढतो. दोन्हीकडे अवजार हातात आहेच, फक्त ते खणायचं आहे, उचकटायचं नाही. म्हणून प्राइंग क्वेश्चन्स असं आलं की मी आता खोदून विचारलेले प्रश्न लिहिते आणि प्राइंग आइज आलं की डोकावणाऱ्या नजरा.

अवजार चालतं कसं ते थोडक्यात. ही तरफ आहे. समजा सळई 60 सेंटीमीटरची आणि ती टोकापासून 3 सेंटीमीटरवर कडेला टेकलीये, तर हाताकडची बाजू उरली 57, भाग दिला की 19, म्हणजे घर्षण वगैरे सोडलं तर हाताने लावलेला जोर टोकाला साधारण 19 पट होतो. वाक दिलेला असतो तो यासाठीच की टेकू सळईतच तयार मिळावा आणि अगदी टोकाजवळ मिळावा. म्हणून छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, एवढा जोर त्यांच्या पात्याला झेपत नाही, ते तुटून उडतं आणि डोळ्याला लागतं.

नाव चुकीचं चिकटण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फिनिअस गेजचं. 13 सप्टेंबर 1848, अमेरिकेतलं व्हरमाँट, रेल्वेच्या कामावरचा हा मुकादम, खडकात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि लोखंडी सळई गालाखालून शिरून कवटीतून वर बाहेर पडली. माणूस वाचला, 1860 पर्यंत जगला, आणि मेंदूचा अभ्यास करणारे आजही त्याचं नाव घेतात. ही केस अमेरिकन क्रोबार केस म्हणून ओळखली गेली. पण ती सळई क्रोबार नव्हतीच, दारू ठासायची सरळ गुळगुळीत सळई होती, साधारण 1.1 मीटर लांब आणि 6 किलो वजनाची, एक टोक निमुळतं. वाक नाही, खाच नाही. हे कळलं की जखम पण नीट समजते, निमुळतं टोक पुढे होतं आणि सळई आरपार निघून गेली, वाकलेलं टोक असतं तर अशी गेली नसती. एका शब्दाने वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र उभं राहतं ते असं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा क्रोबार सर्किट पण आहे, त्यात उचकटणं काहीच नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की हे सर्किट सप्लाय मुद्दाम शॉर्ट करतं, फ्यूज उडतो आणि पुढचं महागडं उपकरण वाचतं. वीज वाहणाऱ्या दोन उघड्या पट्ट्यांवर लोखंडी सळई आडवी टाकली तर जे होईल ते, म्हणून हे नाव. तिथे पहार आणि कटावणी दोन्ही नकोत, क्रोबार सर्किटच ठेवायचं.

मॅन्युअलमध्ये खोक्याच्या वाक्यात मी कटावणी केलं. पुढे बारा पानांनी खांबासाठी खड्डा घ्यायचा भाग होता, तिथे मूळ इंग्रजीत परत क्रोबारच, तिथे पहार राहू दिलं. एडिटरने विचारलं एका शब्दाला दोन शब्द का, टर्म एकसारखी पाहिजे. मी दोन्हींची चित्रं काढून पाठवली, बाजूला लिहिलं की ही उचलून मारायची आणि ही फटीत घालून दाबायची. दोन्ही शब्द तसेच छापायला गेले.