कपाळ अजून ओलं आहे

रविवार, रात्र.

आज तिसऱ्यांदा कपाळ खरवडून काढलं.

डच चित्रकार रेम्ब्रांटने स्वतःचंच काढलेलं चित्र उतरवतोय, 1669 चं. त्याच वर्षी तो गेला, 63 वर्षांचा होऊन. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत. माझ्यासमोर धरमपेठेतून काढून आणलेली मोठी प्रिंट. दोन महिने झाले.

चूक कुठे होत होती ते आज उमगलं. सावली म्हटली की हात आपोआप काळ्या ट्यूबकडे जायचा. काळ्यात येलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळला की हिरवट झाक येते आणि माणूस आजारी दिसू लागतो. आज काळा घेतलाच नाही. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, कोऱ्या चहाइतका पातळ केला, सावलीवरून एकदाच फिरवला आणि खालचा तपकिरी थर दिसू दिला. उजेड मात्र जाड. भुवईच्या वर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्यात थोडा ऑकर घालून तसाच थापला. डोळ्याची खोबण क्षणात आत गेली. ब्रश खाली ठेवून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

हात अजून घेतलेच नाहीत. मूळ चित्राचा क्ष-किरण काढला तेव्हा दिसलं, की आधी त्याच्या हातात ब्रश होता. मग त्याने तो झाकला आणि रिकामे हात एकमेकांत गुंफले. त्या वयात, इतकं येत असूनही तो बदलत होता! हे वाचल्यापासून खरवडताना जिवावर येत नाही.

संध्याकाळी आई दारात थांबली. "जवस सांडवलं का रे?"

तैलरंगातलं तेल जवसाचंच, आपल्या विदर्भात पिकतं, चटणीत पडतं तेच. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून थर वाळायला दिवस लागतात. आईला सांगितलं तर ती चित्राजवळ जाऊन वास घेऊ लागली. मग चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "थकलाय बिचारा. पण डोळे जागे आहेत."

मला एवढ्या शब्दांत सांगता आलं नसतं.

कूलर बंद ठेवलाय. वाऱ्यासोबत वाळ्याच्या काड्या उडतात. मागच्या आठवड्यात ओल्या गालावरून दोन चिमट्याने काढल्या. खोलीची नुसती भट्टी झालीय. मघाशी आई टेबलफॅन घेऊन आली आणि चित्राकडे पाठ करून माझ्याकडे लावून गेली.