थायरॉइड बघून घेतलंस का?

शुक्रवार, रात्री

काल दांडिया बाजारच्या वाड्यावरून घरात वाजलं. भाऊजींनी बिल्डरशी बोलणी सुरू केली आहेत आणि आम्हाला ते कळलं कोणाकडून, तर समोरच्या फरसाणवाल्याकडून! मी चिडले. आवाज चढला, फार नाही, पण चढला. हे शांतपणे म्हणाले, "थायरॉइड बघून घेतलंस का एवढ्यात?"

झालं. वाडा राहिला बाजूला, विषय माझ्या गळ्याशी आला. जाऊबाईंचाही लगोलग फोन, "जपा हो तब्येतीला."

आज सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आले. दुपारी मोबाइलवर रिपोर्ट. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, 2.1. साधारण 0.4 ते 4 पर्यंत ठीक धरतात, म्हणजे अगदी मधोमध. आकडा बघून आधी हायसं वाटलं आणि मग हसू आलं. म्हणजे कालचा राग निव्वळ माझा होता!

ग्रेव्हजचा आजार होता तेव्हाची गोष्ट निराळी. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडच्या मागे लागते आणि ती ग्रंथी हार्मोन ओतत सुटते. डिसेंबरात मी पंखा लावून झोपायचे. दोन पोळ्या जास्त खाऊनही ब्लाउज सैल होत होते. निरांजनात तूप घालायला गेले की हाताच्या थरथरीने निम्मं ताम्हनात. आणि संताप! दूधवाल्यापासून सासूबाईंपर्यंत कोणी सुटलं नाही. थायरॉइडला आवरणारं कार्बिमाझोल सुरू झालं, धडधडीसाठी सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉलही होतं. हळूहळू सगळं निवळलं, गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी हसत निरोप दिला.

तेव्हापासून घरात एक वाक्य ठरून गेलंय : "ती तू नव्हतीसच गं, तो आजार होता." मायेनेच म्हणतात. पण सासूबाईंना मी तेव्हा जे बोलले, त्यातलं काही खरंही होतं. तेही आजाराच्या खात्यावर जमा झालं. आणि आता मी काही ठासून म्हटलं की तेच खातं पुन्हा उघडतं.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? माझाही माझ्यावर कुठे भरवसा आहे? नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात दोन फेऱ्या झाल्या की छाती धडधडते. सगळ्यांचीच धडधडते. बाकीच्या बायका छास पिऊन पुन्हा रिंगणात. मी मात्र खुर्चीवर बसून मनगट धरते, घड्याळाकडे बघत ठोके मोजते. आजारात बसल्या जागी नाडी 110 च्या वर असायची, ती भीती अंगात मुरली आहे. घाम आला, झोप लागली नाही, कोणावर वैतागले की पहिला प्रश्न तोच : परत आलं का? शंका अगदी निराधारही नाही. गोळ्या थांबवल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांत हा आजार उलटतो.

यावर थोडं वाचलं. थायरॉइडच्या हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मेंदूभर आहेत. रक्तातले आकडे जागेवर आल्यावरही काहींना चिंता, थकवा, विसरभोळेपणा पुढे कितीतरी काळ राहतो, हे पाहणीत दिसलेलं आहे. पण तपासणीला गेलं की डॉक्टर रिपोर्ट बघतात, गळा चाचपतात, डोळे बघतात आणि "छान" म्हणतात. पाच मिनिटांत बाहेर. मन कसं आहे, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजने 1835 मध्ये या आजारावर लिहिलं. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांत एक वीस वर्षांची बाई होती. तिची लक्षणं आधी हिस्टेरियाची समजली गेली होती. वाचून थबकले. तिच्या बाबतीत आजाराला स्वभाव समजले, माझ्या बाबतीत स्वभावाला आजार समजतात. दोन्हीकडे बाई काय म्हणते आहे ते कोणी ऐकून घेतलेलं नाही.

यांना रिपोर्ट दाखवला. "बघ, उगाच काळजी करत होतीस," म्हणाले. मी? मी करत होते? बरं. मग बिल्डरच्या कागदाची एक प्रत भाऊजींकडून मागवून घ्या म्हटलं. "बघतो" म्हणालेत.

अलकापुरीत एक समुपदेशक बाई आहेत, मंगळवारची वेळ घेतली आहे. धडधडीच्या भीतीचंच आधी सांगेन, ते सांगायला सोपं. बाई गुजराती आहेत. माझा जन्म बडोद्याचा, भाजी, बँक, शेजार सगळं गुजरातीत चालतं, पण मनातलं असं कधी त्या भाषेत बोललेले नाही. बघू, जमेल तसं.