ॲस्पेनच्या उतारांवर सहा हातघडणीचे कार्व्हिंग बोर्ड

अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं ॲस्पेन: तीन दिवस, दोन डोंगर, सहा कार्व्हिंग बोर्ड, म्हणजे न घसरता फक्त धारेवर वळणं कापायचे स्नोबोर्ड. पहिले दोन दिवस बटरमिल्कवर, तिसरा ॲस्पेन माउंटनवर. सहाही बोर्ड छोट्या कारखान्यांत एकेक करून घडवलेले, टणक बूट आणि प्लेट बाइंडिंगवर (बूट बोर्डाला पक्का धरणाऱ्या जोडणीवर) चालवायचे. पहिल्या सकाळी वहीत टिपलेलं जवळपास सगळं दुपारी खोडावं लागलं. प्रत्येक बोर्डावर बाइंडिंगचे कोन (पाय आडव्यापासून टोकाकडे किती वळलेले) वेगळे होते आणि सकाळचा कडक बर्फ अकरापर्यंत भुसभुशीत झाला होता. म्हणजे तुलना झाली ती कोनांची आणि उन्हाची, बोर्डांची नव्हेच. खाली आहे ते पद्धत बदलल्यानंतरचं.

आधी जागेबद्दल. कार्व्हिंगला रुंद, एकसारखा आणि रात्री यंत्राने विंचरलेला उतार लागतो. खोल ताजा बर्फ इथे शत्रू. बटरमिल्कचा पायथा सुमारे २,४०० मीटरवर, माथा ३,००० च्या थोडा वर, आणि उतार मवाळ. त्याची टायहॅक नावाची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन तिथे आधी पोचतं. लिफ्ट सुरू झाल्यापासूनचा पहिला दीड तास तिथे घालवावा, मग दुसऱ्या बाजूला सरकावं. जानेवारीत एक्स गेम्स ही साहसी हिवाळी खेळांची स्पर्धा याच डोंगरावर असते (२००२ पासून), तो आठवडा टाळा. ॲस्पेन माउंटनवर नवशिक्यांसाठी एकही उतार नाही. स्नोबोर्डना तिथे १ एप्रिल २००१ पर्यंत बंदीच होती. आता रूथीज रन हा तिथला लांब, रुंद उतार कार्व्हिंगवाल्यांचा आवडता आहे, पण तिथे वेग आपोआप वाढतो. बटरमिल्कवर जमलेली वळणं तिथे पहिल्या फेरीत जमत नाहीत.

डेन्व्हरहून गाडीने यायचं तर इंडिपेंडन्स खिंडीचा जवळचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. ग्लेनवुड स्प्रिंग्जवरूनच यावं लागतं. ॲस्पेनच्या विमानतळावर लहान जेट उतरतात आणि बोर्डांची १९० सेंमीची पिशवी मागच्या विमानाने येऊ शकते. म्हणून बूट हातातल्या सामानात ठेवा. बोर्ड कोणाचाही मागता येतो, बूट मागता येत नाहीत. ॲस्पेनच्या चारही स्की-डोंगरांना जोडणाऱ्या बस फुकट आहेत, फक्त बसमध्ये चढताना धारांवर कापडी पट्टी गुंडाळा. उंचीमुळे पहिल्या दिवशी पाय लवकर थकतात आणि थकलेल्या पायांना प्रत्येक बोर्ड जास्त कडक वाटतो. पहिल्या दिवशीचं कडकपणाबद्दलचं मत म्हणूनच पेन्सिलीने लिहावं.

आता पद्धत. सहापैकी चार बोर्डांवर कोन एकच ठेवले: पुढे ६०°, मागे ५७°, दोन पायांतलं अंतर ४९ सेंमी, पुढच्या चवड्याखाली ३° आणि मागच्या टाचेखाली ३° चढ. उरलेल्या दोन बोर्डांची कंबर (मधली सर्वांत अरुंद जागा) फारच रुंद आणि फारच अरुंद होती, त्यामुळे तिथे कोन बदलण्यावाचून इलाज नव्हता. प्रत्येक बोर्डाच्या तीन फेऱ्या, त्यातली पहिली मोजायची नाही. एक बोर्ड ‘मापाचा’ म्हणून ठेवला होता आणि दर दोन बोर्डांनंतर त्याच्यावर एक फेरी मारली. त्याचीच पकड सैल वाटू लागली तर बर्फ बदलला असं समजायचं आणि त्या तासाची टिपणं वेगळी ठेवायची. ही एक सवय बाकी सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त कामाला आली.

बाइंडिंग हलवण्यासाठी पोझिड्राइव्ह नंबर ३ चा चांगला स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने स्क्रूचं डोकं खराब होतं. एम६ चे १६, १८, २० आणि २२ मिमी लांबीचे स्क्रू सोबत असू द्या, कारण बाइंडिंगखालची चढाची चकती बदलली की लांबी बदलते. या आट्यांचं अंतर १ मिमी असतं, तेव्हा स्क्रू हाताने किमान सहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. डोकं चकतीवर बसण्याआधीच टोक अडलं तर तो लांब आहे. तसाच जोर लावला तर इन्सर्ट (बोर्डात बसवलेली आट्यांची धातूची नळी) तळाकडे ढकलला जाऊन तळाला फुगवटा येतो. उलट, योग्य लांबीचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तर इन्सर्ट वर ओढला जातो आणि तळाला खळगा पडतो. पट्टी आडवी धरून तळ उजेडाकडे केला की दोन्ही दिसतात. मागून घेतलेल्या बोर्डाचा तळ जोडणीआधीच असा पाहून घ्यावा, नंतर वाद नको. पहिल्या फेरीनंतर आठही स्क्रू पुन्हा तपासा, थंडीत ते थोडे सैल होतात.

या सगळ्या तुलनेत एकच आकडा खरोखर महत्त्वाचा निघाला, तो म्हणजे साइडकटची, म्हणजे बोर्डाच्या आत वळलेल्या धारेच्या वक्राची, त्रिज्या. बोर्ड धारेवर जितका कलतो तितकं वळण लहान होतं: साइडकटची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन. १२ मीटरचा बोर्ड ४५° कलला की साडेआठ मीटरचं वळण कापतो, ६०° ला सहा मीटरचं. आणि त्या कलात तोल सांभाळायला ठरावीक वेगच लागतो: ४५° ला ताशी ३३ किमी, ६०° ला ताशी ३६. अंग बर्फाला टेकेपर्यंत कलवलं तरी या गणिताची कमाल ताशी ३९ किमीच्या पुढे जात नाही. ९ मीटरच्या बोर्डासाठी ती ३४ आहे, १४ मीटरसाठी ४२, २० मीटरसाठी ५०. हे सपाट पृष्ठभागाचं गणित झालं. उताराचा चढ, बोर्डाचं वाकणं आणि मऊ बर्फ यांनी आकडे इकडेतिकडे सरकतात, पण क्रम बदलत नाही. उलट बाजूने पाहिलं तर आणखी उघड होतं. ताशी ३० किमीला ९ मीटरचा बोर्ड ५२° कलू देतो, २० मीटरचा जेमतेम २१°. मवाळ उतारावर शर्यतीचा बोर्ड घेऊन ‘हा वळतच नाही’ म्हणणाऱ्यांचं उत्तर एवढंच आहे.

त्रिज्या छापलेली नसेल तर टेपने काढता येते. पुढची सर्वांत रुंद जागा, मागची सर्वांत रुंद जागा आणि कंबर मोजा. पुढच्या-मागच्या रुंदीची सरासरी घ्या, त्यातून कंबर वजा करा, निम्मं करा. ही झाली साइडकटची खोली. दोन रुंद जागांमधल्या अंतराचा वर्ग भागिले आठ पट खोली म्हणजे त्रिज्या. उदाहरणार्थ २५.९, २५.५ आणि कंबर २१ सेंमी असेल तर खोली २.३५ सेंमी. अंतर १५० सेंमी असेल तर त्रिज्या १२ मीटरच्या जवळ. हल्लीच्या बहुतेक बोर्डांत त्रिज्या लांबीभर बदलत जाते, तेव्हा हा आकडा सरासरीचाच समजावा. स्वित्झर्लंडचा बोर्ड घडवणारा केस्लर यासाठी क्लोथॉइड वापरतो, म्हणजे रेल्वेमार्गाच्या वळणांत असते ती हळूहळू घट्ट होत जाणारी रेषा. तिचा फायदा वळणात शिरताना जाणवतो, कारण टोक अचानक चावत नाही.

बोर्डांकडे येऊ. १६३ सेंमी, ९ मीटर, धातू नसलेला, काचतंतूचा बोर्ड सगळ्यांत खेळकर. वळण संपताना तो उसळी देतो आणि दुसऱ्या वळणात जवळजवळ फेकतो. सकाळी नऊ ते दहा मजा आली. बर्फ कुरतडला गेल्यावर तीच उसळी त्रास देऊ लागली, कारण प्रत्येक खड्डा गुडघ्यापर्यंत पोचत होता. मापाचा बोर्ड १७० सेंमी, कंबर २१, त्रिज्या ११ ते १३ मीटर, धातूचा. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हीच त्याची तारीफ.

तिसरा आणि चौथा हे या सहलीचं खरं धन. दोन्ही एकाच साच्यातले: १७५ सेंमी, १४ मीटर, सारखीच कंबर, सारखीच कमान. एक सुमारे ६५ किलोच्या माणसासाठी घडवलेला, दुसरा ९५ किलोच्या. फरक फक्त लाकडी गाभ्याच्या जाडीचा. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे गाभा ५ टक्के जाड केला की बोर्ड सुमारे १६ टक्के कडक होतो आणि १० टक्के जाड केला की ३३ टक्के. डोळ्याला काहीच दिसत नाही. हलक्या माणसाच्या पायाखाली जाड गाभ्याचा बोर्ड वळणाच्या मध्यावर सरळच राहत होता आणि बर्फात तळहाताएवढा रुंद, खरवडलेला पट्टा उमटत होता. पातळ गाभ्यावर त्याच माणसाची रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी आली. जड माणसाचं नेमकं उलटं झालं: पातळ गाभ्याचं टोक मऊ बर्फात दुमडू लागलं. हाताने घडवलेल्या बोर्डाचे पैसे कशासाठी द्यायचे याचं उत्तर या दोन बोर्डांत आहे. लाकडाच्या सुंदर रेषांसाठी मुळीच नाहीत.

पाचवा रुंद, कंबर २३ सेंमी. तो पुढे ५०°, मागे ४७° असा लावला. मोठ्या पावलांसाठी आणि बर्फावर पूर्ण आडवं होऊन वळणाऱ्यांसाठी तो उत्तम, मात्र एका धारेवरून दुसरीवर जायला वेळ घेतो, आणि अरुंद बोर्डाची सवय असलेल्याला हा उशीर सतत खटकतो. सहावा १८५ सेंमीचा शर्यतीचा, २० मीटरपेक्षा जास्त त्रिज्येचा, वर वेगळी प्लेट असलेला. ही प्लेट बुटांखालचा भाग मोकळा ठेवते, त्यामुळे बोर्ड एकसंध वाकतो. कंबर अरुंद म्हणून कोन ६५° आणि ६३°. रूथीज रनवर, सकाळी, रिकाम्या उतारावर तो अप्रतिम. बाकी कुठेही ओझं.

धातूबद्दल थोडं. टायटॅनल या नावावरून टायटॅनियम वाटतं, पण तो जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेला ॲल्युमिनियम आहे. लाकडाच्या वर आणि खाली त्याचा पातळ पत्रा चिकटवतात. तो कंप गिळतो, म्हणून खडबडीत बर्फावर धार सुटत नाही. किंमत अशी की पत्रा एकदा मर्यादेपलीकडे वाकला की तसाच राहतो. टोक खड्ड्यात रुतून अंग पुढे फेकलं गेलं की पुढच्या बाइंडिंगच्या जरा पुढे बोर्डाला कायमचा बाक येतो. जुना धातूचा बोर्ड घेताना तो उभा धरून तळाकडून एका डोळ्याने लांबीभर पाहा. बाइंडिंगपुढे रेषा मोडलेली दिसली तर सोडून द्या. धारेजवळ थर सुटलेत का हेही नखाने तपासा.

टाचेच्या वळणात बोर्ड थरथरत घसरतो, ही तक्रार सहाही बोर्डांबद्दल कुणी ना कुणी केली. बहुतेक वेळा दोष बोर्डाचा नव्हता. आपली कंबर मागे टाकून खुर्चीत बसल्यासारखं बसलं की वजन मागच्या टाचेवर जातं, टोकावरचा दाब जातो आणि धार चावते-सुटते, चावते-सुटते. गुडघे आणि घोटे वाकवा, कंबर बोर्डाच्या वर ठेवा, छाती टोकाच्या दिशेला वळवा. तरीही थरथर राहिली तर धार पाहा. बाजूचा कोन ८८° आणि तळाकडचा अर्धा ते एक अंश ही कडक बर्फाची नेहमीची मापं. तळाकडचा कोन कुणी दोन अंशांपर्यंत घासला असेल तर बोर्ड उशिरा चावतो, आणि तो पुन्हा नीट करायला तळ घासून घ्यावा लागतो.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा दोष म्हणजे बूट टेकणं. तिथे थरथर नसते, धार एकदम उचलली जाते आणि माणूस आडवा. रेघेला समांतर दुसरा फाटका ओरखडा दिसला, किंवा बुटाच्या टोकाला ताजं खरचटलेलं असलं, तर तेच. कोन तीन अंशांनी वाढवा. टोक आणि टाच धारेच्या किंचित आत असावीत. फार आतही नकोत, नाहीतर धारेवर दाब द्यायला जास्त कष्ट पडतात.

सुरक्षिततेचा एक मुद्दा इथे वेगळा आहे. खालच्या माणसाचा हक्क पहिला हा नियम सगळीकडे असतो, पण कार्व्हिंगवाला उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि कधी वळण वरच्या दिशेला बंद करतो. मागून येणाऱ्या स्कीवाल्याला हे अपेक्षित नसतं. टाचेच्या वळणात पाठीमागचं काहीच दिसत नाही. म्हणून सुरुवातीपूर्वी वर पाहा, उताराचा एकच अर्धा भाग वापरा, गर्दी झाली की थांबा.

बोर्ड घडवून घ्यायचा असेल तर कोलोरॅडोतला डोनेक, ओंटारिओतला कॉइलर, व्हिसलरचा प्रायर ही सुरुवातीची नावं. कारागिराला बुटांसकट कपड्यांसह वजन, बुटाचं माप, आत्ता वापरत असलेले कोन आणि नेहमीच्या उताराचा चढ कळवा. ‘वेगाने जातो’ असं लिहू नका. फोनमधल्या ॲपवर वळणातला सरासरी वेग मोजा आणि तो आकडा द्या. बहुतेकांचा वेग मनातल्यापेक्षा कमी निघतो आणि त्रिज्या दोन मीटरने उतरते. ऑर्डर हंगाम संपतानाच द्यावी, कारण एकट्यादुकट्याच्या कारखान्यात रांग महिन्यांची असते. बोर्ड आल्यावर पहिल्या दिवशी धार घासू नका. दोन-तीन वेळा मेण लावा, मापाच्या जुन्या बोर्डाच्याच कोनांवर बाइंडिंग बसवा आणि तोच जुना बोर्डही सोबत घेऊन उतारावर जा.