विसरल्या की ठेवून आल्या?

आज सकाळी लिस्बनचं हॉटेल सोडताना रिसेप्शनवरचा मुलगा काउंटरमागून धावत आला. बॅगा बसच्या पोटात गेल्या होत्या, टूर मॅनेजर डोकी मोजत होता. मुलाने माझ्यापुढे एक पुस्तक धरलं. ‘मॅडम, हे तुमचं. खोलीत राहिलं होतं.’ पुस्तक माझं होतं खरं, म्हणजे मी लिहिलेलं. पण मी काही ते विसरले नव्हते. मी नाही म्हणेपर्यंत त्याने ते उलटं केलं आणि मलपृष्ठावरच्या फोटोवर बोट ठेवलं. ‘तुम्हीच ना?’

काळेभोर केस, पैठणीचा पदर, आणि फोटोग्राफरने ‘जरा लांब बघा’ म्हटलं की होतो तसा चेहरा. तरी ओळखलं त्याने. आपल्याकडे पुस्तक प्रदर्शनात मी माझ्याच पुस्तकांशेजारी उभी असते आणि लोक मला ‘बिल कुठे करायचं?’ असं विचारतात. इथे परमुलखात कुणीतरी फोटोवरून ओळखलं म्हणजे आनंद व्हायला हवा. झालाही, क्षणभर. मग पहिलं पान उघडलं. ‘बाईंना, प्रवासातल्या सोबतीसाठी, सप्रेम.’ खाली माझी सही, निघालो त्या दिवसाची तारीख.

आमच्या टूरमधल्या या बाई तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसून सरांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, गोळ्या काढून देत होत्या.

पोर्तू येईस्तोवर तीनशेएक किलोमीटर मी हेच चघळत बसले. विसरल्या की ठेवून आल्या? विसरल्या असतील. वय झालंय, सरांचं सगळं त्यांनाच बघावं लागतं, सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या म्हणजे कुणाचीही तारांबळ उडते. पण मग याच बाई जेवण झाल्यावर लोणच्याची उरलेली पाकिटं मोजून पर्समध्ये टाकतात, त्याचं काय? हॉटेलची शॉवर कॅपसुद्धा मागे राहत नाही त्यांची. आणि पुस्तकच बरं राहतं!

वजनाचं म्हणाल तर २३ किलोची मर्यादा सगळ्यांनाच आहे. पण त्यांनी परवा बुचाच्या पर्सा घेतल्या, शोभेचे रंगीत कोंबडे घेतले, सुनांसाठी निळ्या नक्षीच्या टाइल्स घेतल्या. एक टाइल माझ्या पुस्तकापेक्षा जड भरते. मी हातात धरून पाहिलंय.

बरं, मी गळ्यात मारलेलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर त्यांनीच विचारलं, ‘लेखिका आहात? मग आम्हाला एक प्रत द्या की!’ दोनच प्रती आणल्या होत्या. एक जिला द्यायची तिला लिस्बनमध्ये दिली. त्या भेटीबद्दल आत्ता नको. दुसरी ही.

परवा लिस्बनमधल्या बेलेंच्या जेरोनिमुश मठात गेलो होतो. चर्चमध्ये शिरल्याशिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर, समोरच्या बाजूला कवी लुईश द कामोंइशची. आमचा सगळा घोळका वास्कोकडे. शाळेत पाठ केलेला माणूस तो, त्याच्याबरोबर फोटो हवाच. मी कवीकडे गेले. हा गोव्यात राहून गेलेला, जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात त्याचा पुतळा पाहिलाय मी. त्याचं महाकाव्य १५७२ साली छापलं गेलं, त्यात वास्कोचीच सफर आहे. राजाने वर्षाला पंधरा हजार रेइशचं (तेव्हाचं पोर्तुगीज चलन) मानधन बांधून दिलं. तेही तुटपुंजंच होतं म्हणे (वाचून जरा बरं वाटलं). १८८० साली तिथे आणलेल्या अस्थी तरी त्याच्याच की नाहीत, याचीही खात्री नाही, कारण मूळ दफनाची जागा १७५५च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली.

पण सगळ्यांना आवडते ती दंतकथा. मेकाँग नदीच्या मुखाशी जहाज फुटलं तेव्हा हा गडी एका हाताने पोहत, दुसऱ्या हातात काव्याचं हस्तलिखित पाण्यावर धरून किनाऱ्याला लागला म्हणतात. ही गोष्ट मी बाईंना तिथे उभ्या उभ्या सांगितली होती. ‘किती जपलं हो पुस्तक!’ म्हणाल्या. त्यानंतर दोनच रात्रींनी माझं पुस्तक हॉटेलच्या खोलीत. त्याने जपलं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. दुसऱ्याचं पुस्तक हातात धरून कोण पोहणार?

लिस्बनच्या बर्ट्रांडमध्येही गेले होते. १७३२ पासून चाललेलं पुस्तकाचं दुकान, सगळ्यात जुनं म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. पुस्तक घेतलं आणि मागितलं तर ‘इथे विकत घेतलं’ असा शिक्का मारून देतात. आत एकामागून एक खोल्या. शेवटच्या खोलीपर्यंत जाताना पोटात काहीतरी गोळा होत जातं. एवढी माणसं लिहून गेली आणि आपण अमुक कपाटात का नाही म्हणून झुरायचं? धाकटीला फोनवर हे सांगायला गेले तर म्हणाली, ‘आई, तू फिरायला गेली आहेस ना?’

पोर्तूला पोचल्यावर संध्याकाळी लेल्लो, इथलं पुस्तकाचं दुकान. १९०६ची ती इमारत, लाल जिना, बाहेर रांग. दुकानात शिरायलाच तिकीट. ‘पुस्तकाच्या दुकानात जायला पैसे?’ असं म्हणून अर्धी बस चिडली. आत पुस्तक घेतलं तर तेवढे पैसे बिलातून वजा होतात, असं टूर मॅनेजर समजावत होता. मला मात्र ही कल्पना फार आवडली. आमच्या प्रकाशकांना कळवणार आहे.

रांगेत बाई माझ्या पुढेच होत्या. वळून म्हणाल्या, ‘ताई, वाचतेय हं तुमचं पुस्तक. छान जमलंय. अर्धं झालंच म्हणा.’

पुस्तक माझ्या खांद्याच्या पिशवीत होतं. मी म्हटलं, ‘सावकाश वाचा, घाई नाही.’

म्हणजे अजून कळलंच नाहीये त्यांना? की कळलंय आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या? चेहरा अगदी साधा होता. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. वर्गाला आयुष्यभर जे चेहरे दाखवले असतील त्यातला हा कुठला, मला काय कळणार.

आत्ता झोप येईना म्हणून पिशवीतून पुस्तक काढलं. ६१व्या पानावर विमानाच्या बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा खुणेला ठेवलाय. म्हणजे खरंच वाचत होत्या. आणि पहिल्या पानापासून ६१व्यापर्यंत निळ्या बॉलपेनने बारीक बारीक गोल. गोल केलेल्या अक्षराच्या समोर समासात ‘दीर्घ’. एके ठिकाणी ‘अनुस्वार राहिला’. ३८व्या पानावर एका वाक्याखाली दुहेरी रेघ मारून लिहिलंय, ‘फार लांब’. ४४वर नुसतं बरोबरचं चिन्ह. कशाला बरोबर म्हटलंय ते शोधलं, तर आईच्या डब्याचा तो परिच्छेद. तो मी काढून टाकणार होते.

रागावू की पाया पडू? मुद्रितं तीनदा वाचली गेली होती. मी, प्रकाशकांकडचं माणूस, पुन्हा मी. आणि तिन्ही वेळा डोळ्यांखालून निसटलेलं या बाईंनी विमानाच्या खुर्चीत बसून, सरांच्या घोरण्यात वेचून काढलं. सगळं बरोबर आहे, हे जास्त झोंबलं. ‘फार लांब’सुद्धा.

दुसरी आवृत्ती दिवाळीच्या सुमाराला येतेय, ते लिहायचं राहिलंच. दुरुस्त्यांची यादी पाठवा म्हणून प्रकाशकांचे निरोपावर निरोप येतायत आणि मी प्रवासात आहे म्हणून टाळतेय. नव्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठही आलंय. पुन्हा एक खिडकी, पुन्हा एक पाठमोरी बाई. माझ्या कथांमधल्या बायका कधी वळून बघणार कोण जाणे.

६१ पानांच्या दुरुस्त्या आत्ता फोनवर उतरवून घेतल्या. पुढची पानं मलाच तपासावी लागणार. नाहीतर उद्या नाश्त्याला पुस्तक बाईंच्या हातात द्यावं. ‘रिसेप्शनवर मिळालं, तुमचं राहिलं होतं बहुतेक,’ एवढंच म्हणायचं आणि चेहरा त्यांच्यासारखाच साधा ठेवायचा. अजून सिंत्रा आहे, बसचे लांब पल्ले आहेत, परतीचं विमान आहे. घरी पोचेपर्यंत उरलेलं पुस्तक तपासून होईल.

प्रकाशकांकडून पंधरा दिवस मागून घेते. निळं पेन बाईंकडे असेलच.