ओळखीच्या मुलीबरोबर खोली द्याल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वसतिगृहाचे प्रवेश सुरू झाले की माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक पालकांची एकच मागणी असते: "मॅडम, आमच्या हिला ओळखीच्या मुलीबरोबर ठेवा. एकमेकींना धरून राहतील." मी नाही म्हणते. मग ते प्राचार्यांकडे जातात, प्राचार्यांचा मला फोन येतो आणि मी त्यांनाही नाही म्हणते.

आमचं कॉलेज लहान आहे, तालुक्याच्या गावाबाहेर. मी शिकवते वनस्पतिशास्त्र. मुलींच्या वसतिगृहाचं रेक्टरपद त्याबरोबर गळ्यात पडलं ते कायमचं. त्यामुळे पुढचं सगळं क्वार्टरच्या खिडकीतून दिसलेलं आहे.

एका गावच्या दोघी एका खोलीत आल्या की दार बंद होतं. मेसला जोडीने, लेक्चरला जोडीने, शनिवारी दुपारच्या एसटीने जोडीने घरी. दिवाळीपर्यंत शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव माहीत नसतं. बरं, भांडल्या तर? अनोळखी मुलींचं भांडण खोलीत राहतं. गावच्या मुलींचं भांडण संध्याकाळच्या फोनवर घरी पोहोचतं, दोन्हीकडच्या आया त्यात उतरतात आणि सोमवारी सकाळी एखादा मामा माझ्या ऑफिसात उभा असतो. त्या मामाला मूळ कारण विचारलं तर सांगता येत नाही. कारण असतं पंख्याचं.

खरंच पंख्याचंच असतं. एकीला पाचवर लागतो, दुसरी सर्दीची. दिवा कधी मालवायचा, रात्री फोनवर कुठे बोलायचं, दोरीवर कुणाचे कपडे किती वेळ, केर कुणी काढायचा, चार्जिंगला एकच बोर्ड त्यावर पहिला हक्क कुणाचा. वसतिगृहाची भांडणं याच्यापलीकडे फारशी जात नाहीत. म्हणून जोड्या लावण्यासाठी माझ्या फॉर्मवर दोनच प्रश्न असतात: झोपता कधी, आणि पाठांतर मनात करता की मोठ्याने? मोठ्याने पाठ करणारीला मनात वाचणारीबरोबर मी कधीच ठेवत नाही. जिल्हे मात्र मुद्दाम वेगळे. नंदुरबारची आणि सांगलीची, रत्नागिरीची आणि जळगावची. पहिले पंधरा दिवस मेसमध्ये भात आणि भाकरीवरून वाद होतात. मग कोकणातली मुलगी खाडा धरून घरी जाते आणि येताना रूममेटसाठी कोकम घेऊन येते. (खाडे वेळेवर न सांगितल्याने महिनाअखेर बिलावरून जो गोंधळ होतो, त्यावर मेस सेक्रेटरीने स्वतंत्र लेख लिहावा.)

पण "ओळखीची" याचा अर्थ दर वेळी गावातली असा नसतो, हे मला माहीत आहे आणि विचारणाऱ्यांनाही माहीत असतं. खोल्यांची यादी बोर्डावर लागते तेव्हा मी बाजूला उभी राहून बघते. मुली खोली नंबर शोधतात. पालक आडनावं वाचतात. वाचून काही जण बाहेर जाऊन फोन करतात आणि परत येऊन म्हणतात, "तिकडे उजेड कमी आहे, खोली बदलून मिळेल का?"

यावर मला कोल्हापूर आठवतं. शाहू महाराजांनी 1896 मध्ये आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिलं होतं. प्रत्यक्षात तिथे बहुजन मुलांचा शिरकाव होईना. म्हणून 1901 पासून त्यांनी समाजवार बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातली काही नावं आजही दिसतात. त्या काळात ते बरोबरच होतं. ज्यांना शहरात कुणी भाड्याने कोपरा देत नव्हतं त्यांना हक्काचं छप्पर मिळालं. पण त्यातल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, आणि परतल्यावर अंघोळ करून आत यायला सांगितलं तेव्हा त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटलं. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं, एकाच पंगतीचं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. भाषणात ती सांगून टाळ्या घेणारे एक गृहस्थ खोली बदलून मागायला माझ्याकडे आले होते, एवढंच सांगते.

"मग निदान सीनियर मुलगी तरी द्या, ती सांभाळेल" हा पुढचा प्रश्न. ते माझ्या हातात नाही. रॅगिंगविरोधी यूजीसीचे 2009 चे नियम आहेत, त्यानुसार पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय शक्यतो वेगळी करायची असते. तुमच्याकडून आणि मुलीकडून जे प्रतिज्ञापत्र भरून घेतलं जातं तेही त्यातलंच. न वाचता सही करू नका. आणि खरं सांगायचं तर सीनियरने सांभाळण्यात निम्मा वेळ सीनियरचीच कामं होतात.

खोली बदलायचा अर्ज मी दिवाळीनंतरच घेते. तोवर बहुतेकींना बदल नको झालेला असतो. अपवाद दोन: चोरी, आणि जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणे. यात अर्जाची वाट बघत नाही, त्याच दिवशी खोली बदलते. बदलते ती टोमणे मारणारीची. सोसणारीने सामान उचलायचं, ही पद्धत मी चालू देत नाही.

ओळखीची मुलगी शोधण्यात जेवढी शक्ती घालवता, त्यातली थोडी एका वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. मुलीला दमा असेल, फिट येत असतील, काही गोळ्या चालू असतील तर मला सांगा. फिटचं बहुतेक घरी लपवतात. उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल, ही भीती मला कळते. पण रात्री दोन वाजता फिट आली तर खोलीत असणार रूममेट, तुम्ही नाही. तिला आधी माहीत असलं की ती मुलीला कुशीवर वळवते, तोंडात काही कोंबत नाही, कांदा हुंगवत बसत नाही, मला हाक मारते. माहीत नसलं तर ती घाबरून जिन्यावरून पळत सुटते. किती जणींना सांगायचं हे तुमची मुलगी ठरवेल. निदान मला आणि रूममेटला कळलंच पाहिजे. फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यासाठी जागा ठेवलेली आहे. बहुतेकदा ती कोरीच येते.