छतावरचा पिकर

तामलवाडीच्या अलीकडं डोक्यावर काहीतरी 'टक्' झालं. पाठोपाठ एक मोटारसायकलवाला शेजारी आला, "सर, तुमचं कायतरी पडलं," असं ओरडला आणि पुढं निघून गेला. गाडी बाजूला घेतली. चाकं मोजली, चार भरली. आरसे जागेवर, नंबर प्लेट जागेवर. मागं आई आणि आत्या तुळजापूरच्या दर्शनाची घाई करत बसल्या होत्या. "पडलं तर पडलं, रांग वाढंल," हा आत्याचा निर्णय. रात्री घरी आल्यावर गच्चीवरून खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं. टपावरच्या डाव्या रेलचं, म्हणजे कॅरिअर धरणाऱ्या लांब पट्टीचं, पुढचं टोपण गेलं होतं.

गाडी 2004 सालची. तिला एसयूव्ही म्हणतात हे मला ती घेऊन दहा वर्षं झाल्यावर समजलं. आमच्या गल्लीत चौकोनी तोंडाची कुठलीही गाडी म्हणजे सुमो. माझी सुमो नाही, हे सांगणं मी कधीच सोडलंय. (सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे, टाटांच्या मोटार कंपनीच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातली पहिली इंग्रजी अक्षरं, हेही मी पूर्वी सांगायचो. तेही सोडलं.)

टपावर कॅरिअर हवाच, कारण आम्ही सोलापूरकर. पाहुणा कुठलाही असो, जाताना त्याच्या हातात चादर पडते. लग्नाच्या आहेराला नगावर नाही, गठ्ठ्यावर चादरी जातात. वर टॉवेल आणि शेंगाचटणीची पाकिटं. अशा कॅरिअरवर साधारण 50 ते 75 किलोच वजन टाकावं असं असतं. हे वाक्य मी गठ्ठे बांधून झाल्यावरच म्हणतो.

एक टोपण गेलं तर बिघडलं काय, असं मलाही वाटलं. शोभेचीच वस्तू. पण त्या टोपणाखाली रेल टपाला धरून ठेवणारा बोल्ट असतो आणि बोल्टाखाली एक रबरी गादी. टोपण गेलं की गादीवर थेट ऊन. सोलापूरचा मे महिना कसा असतो हे नव्यानं सांगायला नको; पारा 43-44 वर आणि टपाचा पत्रा भाकरी टाकावी असा. गादी आधी कडक झाली, मग तडकली. जूनच्या पहिल्या पावसात आत्याच्या मांडीवर थेंब पडला.

पुढची गंमत अशी, की टपातलं पाणी भोकाखाली पडत नाही. पत्रा आणि आतलं अस्तर यांच्यामधून ते उतार शोधत जातं आणि मन मानेल तिथं उतरतं. भोक पुढं डावीकडं, थेंब मागं उजवीकडं. मी आठवडाभर मागच्या दाराचं रबर चिकटवत बसलो होतो.

मग सुरू झाली पार्टाची शोधाशोध. दुकानदार मोबाइलमधला फोटो बोटांनी मोठा करून बघायचे आणि मला तो परत देताना एखाद्याच्या घरचं वाईट कळल्यासारखा चेहरा करायचे. एक म्हणाला, "पूर्ण सेट घ्या, रेलसकट." मी टोपण मागतोय आणि हा टप देतोय. भंगारात याच जातीच्या दोन गाड्या सापडल्या, पण त्यांचीही डावीकडचीच टोपणं गेलेली. हे असं का, ते मला अजून उलगडलेलं नाही.

तात्पुरता इलाज म्हणून एम-सीलचा गोळा बसवला. दिसायला कावळ्यानं घरटं अर्धवट सोडल्यासारखा. गादीसाठी पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, कात्रीनं कापला, मधे भोक पाडलं. हे मात्र जमलं. ट्यूबचं रबर हवाच सोडत नाही तर पाणी कुठलं सोडणार! फक्त बोल्ट आवळताना हात आवरावा लागतो. टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. जोर केला की गादीसकट खाली बसतो आणि तिथं मग पाण्याचं तळंच होतं. पाना दहाचा, जोर दोन बोटांचा.

गोळा दोन महिन्यांत निघाला. तेव्हा शेजारचे काका मला पूर्व भागात अण्णांकडं घेऊन गेले. अण्णांचं लेथचं छोटं दुकान. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं तिथं सगळेच ओरडून बोलतात आणि कुणी रागावलेलं नसतं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीन बिघडलं की तिसरी भाषा, ती इथं लिहिता येणार नाही. त्यांचं काम मागाच्या सुट्या भागांचं. गाडीचं काम नाही, हे त्यांनी आधीच बजावलं.

फोटो बघितलाच नाही. स्टूल मागवून टपाची उंची गाठली, रेलच्या तोंडात बोट घातलं आणि खाली उतरून म्हणाले, "पिकर बसतंय की."

पिकर म्हणजे मागावरचा तो ठोकळा, जो आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ढुशी देऊन या टोकाकडून त्या टोकाला पाठवतो. दिवसभर, पाळीभर, मिनिटामागून मिनिट नुसता मार द्यायचा आणि खायचा. पूर्वी तो म्हशीच्या कच्च्या चामड्याचा असायचा, पुढं नायलॉनचा आला. नवीन माग आले त्यांत धोटाच नाही, म्हणून पिकरही नाही. अण्णांच्या फळीखाली डब्यात न खपलेले पिकर पडून होते. त्यातला पांढरा मी उचलला तर त्यांनी तो काढून घेतला. "पांढरं उन्हात पिवळं पडतंय, मग फुटतंय. काळा घ्या." काळ्या रंगातली काजळी ऊन अडवते, हे मला नंतर कळलं. अण्णांना ते डब्यातल्या मालावरून कळलेलं होतं.

अर्ध्या तासात टोपण तयार झालं. रेलच्या तोंडात चपखल. बोल्टाला त्यांनी नायलॉनचीच एक बारीक बुश, म्हणजे बोल्टावर बसणारी नळी, करून दिली. स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमची रेल एकमेकांना थेट लागून पावसात भिजली की अॅल्युमिनियम पांढरी भुकटी सोडतं. माझ्या रेलनं ती सोडायला सुरुवात केलेली होती. पैसे विचारले तर म्हणाले, "पिकरचे काय घ्यायचे? लेथचे द्या."

त्याच दिवशी मी शिट्टीचंही सांगितलं. ऐंशीच्या वर वेग गेला की कॅरिअरची आडवी नळी शिट्टी घालायची. आत्याला वाटायचं मागं पोलीस लागलेत. "दोरी गुंडाळा. पाळण्याच्या खांबाला झेंडूची माळ गुंडाळतात तशी, अंतर ठेवून," अण्णा म्हणाले. सुताची दोरी तिरकी गुंडाळली आणि शिट्टी बंद. वारा नळीवरून एका लयीत सुटतो म्हणून आवाज येतो, आणि दोरी ती लय मोडते. कारखान्यांच्या उंच पोलादी चिमण्यांच्या शेंड्याला पत्र्याचे तिरके वेढे दिसतात, तेही याचसाठी. मी इतकी वर्षं ते शोभेचे समजत होतो. टोपणासारखेच.

चार पावसाळे गेले. गेल्या दिवाळीत पुण्याच्या मेहुण्यानं कुठूनतरी मूळ टोपण पैदा करून आणलं. कोरं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पार्ट नंबरसकट. त्याच्या समोरच बसवावं लागलं. 'कट्' असा आवाज करून बसलं. गाडी एकदम कुणाच्यातरी नव्या गाडीसारखी दिसायला लागली. पिकर मी डिकीत जॅकच्या खाचेत ठेवून दिला.

परवा बायकोच्या शिलाई मशीनचा एक बोल्ट घेऊन अण्णांकडं गेलो. ते दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. माझ्याकडं बघितलं नाही, टपाकडं बघितलं.

"हे कोण बसवले?"

"पाहुण्यानं आणलं. पुण्याहून."

कप खाली ठेवून ते उठले. स्टूल न घेता, गाडीच्या दाराच्या पायरीवर चढून त्यांनी टोपणावर नखानं दोनदा टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"उन्हाळा निघंना बघा," म्हणाले, आणि बोल्टासाठी हात पुढं केला.